एमॉस अलोन्झो स्टॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॅग कोण होते?

एमॉस अलोन्झो स्टॅग हे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक. जन्म १६ ऑगस्ट १८६२, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथला. मृत्यू १७ मार्च १९६५, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन इथे, वयाच्या १०२व्या वर्षी. १८९२ ते १९३२ अशी सलग ४१ वर्षं ते शिकागो विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. तिथून निवृत्त केल्यावरही ते थांबले नाहीत आणि १९६०पर्यंत कुठल्या ना कुठल्या मैदानावर मुलांना शिकवत राहिले. शिकागोत सात वेळा त्यांच्या संघानं प्रादेशिक स्पर्धा जिंकली, तीच पुढे 'बिग टेन' या नावानं ओळखली गेली.

पण नुसत्या विजेतेपदांसाठी मी हे पान लिहिलं नसतं. अमेरिकेत कॉलेजचा क्रीडा प्रशिक्षक ही एक प्रतिष्ठेची, कायमची, शिक्षकाच्या बरोबरीची नोकरी असू शकते, हे पहिल्यांदा स्टॅग यांच्या बाबतीत घडलं. आणि त्याच नोकरीत त्यांनी जे उभं केलं ते इतकं मोठं झालं, की शेवटी त्यांच्याच विद्यापीठाला ते नकोसं झालं. या दोन टोकांमधला प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल का?

नाही. आपल्याकडचा फुटबॉल तिकडे सॉकर. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात, समोरचे त्याला धरून पाडतात. ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर पुढे सरकलं नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. स्टॅग यांच्या सुरुवातीच्या काळात तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जायचं असे. चेंडू पुढे फेकायला तर १९०६पर्यंत परवानगीच नव्हती. त्यामुळे खेळ म्हणजे मुख्यतः घोळक्यानं एकमेकांवर आदळणं होतं.

ते प्रशिक्षक कसे झाले? त्यांना तर धर्मोपदेशक व्हायचं होतं ना?

हो. वडील बूट शिवण्याचं काम करायचे, आठ भावंडांत हे पाचवे. घरची परिस्थिती बेताची. पोटाला चिमटा काढून ते येल विद्यापीठात शिकले ते धर्मोपदेशक व्हायचं म्हणूनच. तिथे ते बेसबॉलचे नावाजलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, होते. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघानं त्यांना एका हंगामासाठी ४,२०० डॉलर देऊ केले होते. त्या काळात ही रक्कम भलतीच मोठी होती, आणि हा मुलगा तर पै-पैचा हिशेब करून दिवस काढत होता. तरी त्यांनी नकार दिला. पैशासाठी खेळणं त्यांना पटत नव्हतं, आणि हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

फुटबॉलमध्येही ते कमी नव्हते. १८८९ साली देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा पहिला 'ऑल-अमेरिका' संघ निवडला गेला, त्यात त्यांचं नाव होतं.

धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू असताना मात्र त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला चारचौघांत नीट बोलता येत नाही. व्यासपीठावर उभं राहिलं की गडबड व्हायची. मग प्रवचनातून जे सांगायचं ते मैदानावरून सांगू, असं ठरवून १८९० साली ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) प्रशिक्षण शाळेत दाखल झाले.

बास्केटबॉलशी त्यांचा काय संबंध?

स्प्रिंगफील्डच्या त्याच शाळेत जेम्स नेस्मिथ होते. स्टॅग यांनी तिथे जो फुटबॉल संघ बांधला, त्यात नेस्मिथ सेंटरच्या, म्हणजे रांगेच्या मधल्या, जागेवर खेळायचे. डिसेंबर १८९१मध्ये नेस्मिथ यांनी हिवाळ्यात घरात खेळता येईल असा नवा खेळ काढला, तोच बास्केटबॉल. ११ मार्च १८९२ रोजी प्रेक्षकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थ्यांनी तो ५–१ असा जिंकला. शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांचा. पुढे १९१७पासून शिकागोत शालेय संघांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरवण्यामागेही तेच होते. १९५९ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला.

भारतीय वाचकांसाठी एक धागा इथे आहे. याच स्प्रिंगफील्डमध्ये तयार झालेले हॅरी क्रो बक यांनी १९२०मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवण्याच्या कामात सर दोराबजी टाटांच्या बरोबरीनं बक होते. त्याच पॅरिसमध्ये अमेरिकेच्या ४०० आणि ८०० मीटरच्या धावपटूंना स्टॅग तयार करत होते. आपल्या शाळा-कॉलेजांतला शारीरिक शिक्षणाचा तास ज्या परंपरेतून आला, तिच्या मुळाशी ही स्प्रिंगफील्डची शाळा आहे.

शिकागो विद्यापीठानं त्यांना प्राध्यापकपद दिलं, हे खरं?

खरं आहे, आणि ही हकीकत सविस्तर सांगायला हवी.

विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये हिब्रूचे प्राध्यापक होते, स्टॅग त्यांचे विद्यार्थी. जॉन रॉकफेलर यांच्या पैशातून शिकागोत नवं विद्यापीठ उभं राहत होतं आणि हार्पर त्याचे पहिले अध्यक्ष होणार होते. त्यांनी स्टॅगना न्यूयॉर्कला भेटायला बोलावलं, आपल्या विद्यापीठाचं स्वप्न सांगितलं आणि क्रीडा विभाग सांभाळायला १,५०० डॉलर पगार देऊ केला. स्टॅग गप्प. हार्परना वाटलं, रक्कम कमी पडली. ते २,००० वर आले. स्टॅग तरीही गप्प. मग हार्पर म्हणाले, २,५०० डॉलर आणि सहयोगी प्राध्यापकपद, म्हणजे तहहयात नेमणूक. स्टॅग यांनी पुढे सांगितलं, की ते घासाघीस करत नव्हते. कल्पनाच इतकी मोठी होती, की तोंडातून शब्द फुटेना.

त्या काळी कॉलेजच्या संघांना बहुधा माजी खेळाडू येऊन-जाऊन शिकवायचे, नाहीतर हंगामापुरता माणूस ठेवला जायचा. सामना हरला की तो गेला. हार्पर यांनी क्रीडा विभागाला इतर विभागांसारखा दर्जा दिला आणि त्याच्या प्रमुखाला प्राध्यापकांच्या रांगेत बसवलं. हरल्यावर नोकरी जाणार नाही, हे माहीत असलेला प्रशिक्षक कसा वागतो, ते पुढच्या चाळीस वर्षांत दिसलं.

शिकागोतली सुरुवात कशी होती?

१ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठ उघडलं आणि त्याच दिवशी स्टॅग यांनी फुटबॉलचा पहिला सराव घेतला. खेळाडू इतके थोडे, की पहिल्या मोसमात प्रशिक्षक स्वतःच संघातून खेळले. व्यापारी मार्शल फील्ड यांच्याकडून मैदानासाठी जागा मिळाली, त्याभोवती कुंपण घालण्यापासून सगळी कामं उभी राहून करून घ्यावी लागली. बेसबॉल आणि ॲथलेटिक्सचे प्रशिक्षकही तेच. १९१३मध्ये त्या मैदानाला स्टॅग फील्ड असं नाव मिळालं.

१८९४मध्ये त्यांनी शिकागोचीच विद्यार्थिनी स्टेला रॉबर्टसन हिच्याशी लग्न केलं. स्टेलाबाई सामन्यांच्या नोंदी ठेवायच्या, प्रतिस्पर्धी संघांचा खेळ टिपून आणायच्या, डावपेचांची आकृती काढायच्या. स्टॅग यांच्या कारकिर्दीत त्यांचा वाटा फार मोठा आहे आणि तो नेहमी दोन ओळींत उरकला जातो, हे मला खटकतं.

त्यांनी खेळात नवीन काय आणलं?

यादी लांबलचक आहे. टॅकलच्या, म्हणजे समोरच्याला धरून पाडण्याच्या, सरावासाठी टांगलेली गादी, बेसबॉलच्या सरावाचा जाळीचा पिंजरा, खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक, चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे उलट दिशेनं देण्याची चाल, चेंडू सुटायच्या आधी एका खेळाडूनं आडवं पळत जाणं, मैदानात घोळका करून पुढची चाल ठरवणं, अशा अनेक गोष्टींचं श्रेय त्यांना दिलं जातं.

यातली गादीची गोष्ट मला सर्वांत आवडते. येलमध्ये असताना त्यांनी एक गादी गुंडाळून व्यायामशाळेत टांगली आणि खेळाडूंना तिच्यावर झेप घ्यायला लावलं. सरावात आपलेच गडी एकमेकांना पाडून जायबंदी व्हायचे, ते त्यामुळे थांबलं. आज अब्जावधींची उलाढाल असलेल्या संघांच्या सरावातही त्या गादीचीच सुधारलेली रूपं दिसतात.

मात्र प्रत्येक श्रेय डोळे मिटून घेऊ नका. एकच युक्ती त्या काळात दोन-तीन ठिकाणी सुचलेली असायची. घोळक्याचंच बघा. कर्णबधिरांच्या गॅलॉडेट कॉलेजात १८९४च्या सुमारास पॉल हबर्ड या खेळाडूनं तो वापरला, कारण खुणांच्या भाषेत ठरवलेली चाल प्रतिस्पर्ध्याला दिसू नये. हे कारण इतकं सरळ आणि पटणारं आहे, की घोळक्याचा मान मी हबर्डलाच देईन.

१९०५च्या मिशिगनविरुद्धच्या सामन्याचं एवढं कौतुक का?

कारण मिशिगन विद्यापीठाचा संघ हरतच नव्हता. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या त्या संघाला १९०१पासून सलग ५६ सामन्यांत कुणी हरवलं नव्हतं. मिनिटाला एक गुण मिळवणारा संघ म्हणून त्यांचा दरारा होता. ३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंगचा दिवस, शिकागोचं मैदान आणि २५ हजारांहून जास्त प्रेक्षक.

दोन्ही बाजूंना गुण मिळेना. शिकागोचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा खेळाडू, वॉल्टर एकरसॉल लांब लांब किक मारून मिशिगनला मागे रेटत होता. उत्तरार्धात त्याची एक किक थेट मिशिगनच्या गोलरेषेमागे गेली. मिशिगनच्या डेनी क्लार्कनं चेंडू घेतला. तिथेच खाली टेकवला असता तर काही बिघडलं नसतं. तो चेंडू घेऊन बाहेर पळाला, रेषा ओलांडून पुढे आला आणि शिकागोच्या खेळाडूंनी त्याला उचलून परत रेषेमागे ढकललं. याला सेफ्टी म्हणतात, त्याचे दोन गुण. सामना २–० असा संपला आणि शिकागो त्या वर्षीचा देशातला अव्वल संघ ठरला. त्या एका क्षणासाठी क्लार्कला पुढे कित्येक वर्षं बोल ऐकावे लागले. विशीतल्या पोरावर एवढं ओझं टाकणारा खेळ तेव्हाच किती फुगला होता, हे त्यातून कळतं.

हार्पर तेव्हा कर्करोगानं अंथरुणाला खिळलेले होते. १० जानेवारी १९०६ रोजी ते गेले.

त्याच वर्षी फुटबॉलवर बंदी येणार होती का?

तशी मागणी जोरात होती. 'शिकागो ट्रिब्यून'नं १९०५च्या मोसमात १८ मृत्यू मोजले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसला बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. पुढच्या वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, तीन प्रयत्नांत ५ ऐवजी १० यार्ड जाणं भाग झालं, दोन्ही रांगांमध्ये मोकळी पट्टी आली. घोळका फुटावा आणि खेळ मैदानभर पसरावा, हा त्यामागचा हेतू. आज एनसीएए म्हणून ओळखली जाणारी कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटनाही याच घडामोडींतून १९०६ साली जन्मली.

स्टॅग नियम समितीवर होते. नव्या नियमांचा त्यांनी फायदाही लगेच उठवला, चेंडू फेकण्याच्या कितीतरी चाली पहिल्याच मोसमासाठी आखल्या. मिडवेस्टच्या, म्हणजे शिकागोच्या आसपासच्या राज्यांतल्या, विद्यापीठांनी तर आणखी कडक पावलं उचलली: मोसमात पाचच सामने, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संघात बंदी, एकूण तीनच वर्षं खेळायची मुभा. मिशिगनला हे मानवलं नाही आणि ते बाहेर पडलं. शिकागो टिकून राहिलं.

ते खरंच इतके सचोटीचे होते का?

मैदानावर, होय. दारू नाही, तंबाखू नाही, शिवीगाळ नाही. फारच संताप झाला तर खेळाडूला 'गाढव' म्हणायचे, तेवढंच.

२८ ऑक्टोबर १९२२चा प्रिन्स्टनविरुद्धचा सामना घ्या. शिकागो १८–७ असं पुढे होतं, प्रिन्स्टननं शेवटच्या टप्प्यात २१–१८ अशी आघाडी घेतली. अखेरच्या क्षणी शिकागो गोलरेषेच्या अगदी तोंडाशी पोचलं. सहायक प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांचा आग्रह होता, की बदली खेळाडू पाठवून पास फेकायचा निरोप द्यावा. बाहेरून निरोप धाडणं नियम समितीला मान्य नाही, म्हणून स्टॅग यांनी ते केलं नाही. मुलांनी मध्यातून मुसंडी मारली, ती अडवली गेली आणि सामना हातचा गेला. पंचांना कदाचित पत्ताही लागला नसता. हा एक निर्णय मला त्यांच्या कित्येक विजयांपेक्षा मोठा वाटतो.

मैदानाबाहेरचं चित्र मात्र एवढं स्वच्छ नाही आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिकिटांचा पैसा त्यांच्या विभागाच्या हातात असे आणि ते थेट अध्यक्षांनाच उत्तरदायी होते, इतर प्राध्यापकांना तिथे बोलायला जागा नव्हती. शाळकरी मुलांच्या मोठ्या ॲथलेटिक्स स्पर्धा विद्यापीठात भरवून त्यांतून ते चांगले खेळाडू हेरायचे. एकरसॉल विद्यापीठाशेजारच्याच हाइड पार्क शाळेतला. खेळात तो अद्वितीय होता, अभ्यासाच्या नावानं शंख. त्याचे खेळायचे दिवस संपेपर्यंत विद्यापीठानं त्याला सांभाळून घेतलं, मग काढून टाकलं. पदवी त्याला मिळालीच नाही. पुढे तो क्रीडा पत्रकार झाला आणि १९३०मध्ये वारला.

स्टॅग स्वतःला शिक्षक मानायचे, आणि त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षण मात्र अर्धवट राहिलं. याची जबाबदारी त्यांच्यावरही येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांचा शेवटचा मोठा मोसम कोणता?

१९२४. ८ नोव्हेंबरला इलिनॉयशी गाठ पडली. इलिनॉयचा रेड ग्रेंज तेव्हा देशभर गाजत होता, तीनच आठवड्यांपूर्वी त्यानं मिशिगनचा धुव्वा उडवला होता. स्टॅग यांचा बेत सरळ होता: ग्रेंजच्या हाती चेंडू लागायलाच नको. शिकागोनं चेंडू आपल्याकडे ठेवत चार-चार, पाच-पाच यार्ड रेटत २१ गुण केले. तरीही ग्रेंजनं तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, त्यातला शेवटचा ८० यार्ड पळून. सामना २१–२१ असा बरोबरीत सुटला. बिग टेनमध्ये तीन विजय, तीन बरोबरी आणि एकही पराभव नाही, या जोरावर शिकागोनं सातवं आणि अखेरचं विजेतेपद घेतलं.

शिकागोनं त्यांना काढून का टाकलं?

कागदोपत्री कारण वय. १९३२मध्ये ते सत्तर वर्षांचे झाले आणि निवृत्तीचा नियम लागू झाला. पण १९२९पासून अध्यक्ष असलेल्या रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांना मोठा फुटबॉल विद्यापीठाच्या कामाच्या आड येतो असं वाटत होतं, ही बाजूही लक्षात घ्यायला हवी. स्टॅगना दुसरं सन्मानाचं पद देऊ केलं गेलं. त्यांनी ते नाकारलं आणि मुलांना शिकवण्याची नोकरी शोधली.

पुढे शिकागोचा संघ घसरला. १९३५मध्ये शिकागोच्या जे बर्वेंजरला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, आज हाइजमन नावानं ओळखला जाणारा करंडक पहिल्यांदा मिळाला, पण संघाची अवस्था सुधारली नाही. १९३९मध्ये मिशिगनकडून ८५–०, ओहायो स्टेटकडून ६१–०, हार्वर्डकडूनही ६१–०. त्या डिसेंबरात विद्यापीठानं फुटबॉल बंद केला.

स्टॅग फील्ड आणि अणुबॉम्ब यांचा खरंच संबंध आहे?

आहे. फुटबॉल बंद झाल्यावर स्टँड रिकामे पडले होते. पश्चिमेकडच्या स्टँडखालच्या खेळाच्या एका कोर्टात शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून अणुभट्टी उभारली. २ डिसेंबर १९४२ रोजी तिथे माणसानं घडवलेली पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया झाली. आता त्या जागी हेन्री मूर यांचं कांस्यशिल्प आहे आणि शेजारी विद्यापीठाचं ग्रंथालय.

सत्तरीनंतर त्यांनी काय केलं?

स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये १९३३ ते १९४६ अशी चौदा वर्षं प्रशिक्षकपद. १९३८मध्ये त्यांचा हा छोटा संघ शिकागोला येऊन, स्टॅग फील्डवरच, शिकागोला ३२–० हरवून गेला. १९४३मध्ये, ८१व्या वर्षी, ते वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. तिथूनही निवृत्त केल्यावर १९४७पासून पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीला उभे राहिले. ९०नंतर स्टॉकटनच्या ज्युनिअर कॉलेजात पोरांना किक शिकवू लागले आणि ९८व्या वर्षी थांबले.

त्यांचा ३१४ विजयांचा विक्रम कुणी मोडला?

अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी, २८ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑबर्न विद्यापीठाला हरवून. जुन्या सामन्यांच्या मोजणीत फरक असल्यानं स्टॅग यांच्या विजयांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी थोडा वेगळा दिसेल, त्यात गोंधळून जाऊ नका.

त्यांचे शिष्य कोण?

दोन नावं पुरेत. एक फ्रिट्झ क्रिसलर, ज्यांनी मिशिगनमध्ये आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी अशी पद्धत रुजवली. दुसरे जेसी हार्पर. ते नोटर डेम विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या हाताखाली पुढचे गाजलेले प्रशिक्षक नूट रॉक्नी तयार झाले. स्टॅग यांच्या चाली जेसी हार्परमार्फत रॉक्नींकडे आणि तिथून देशभर गेल्या.

शिकागो विद्यापीठ आता फुटबॉल खेळतं का?

खेळतं. १९६९मध्ये संघ पुन्हा सुरू झाला, पण बिग टेनमध्ये नाही, ती संघटना विद्यापीठानं १९४६मध्येच सोडली होती. सध्या तो एनसीएएच्या तिसऱ्या विभागात आहे, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. १९७३पासून या विभागाच्या अंतिम सामन्याला 'स्टॅग बोल' म्हणतात.